प्याद्याची आई

एखाद्या पुस्तकाविषयी घरातल्या साऱ्या माणसांचे एकमत असले, की मला त्या पुस्तकाची थोडी काळजी वाटू लागते. ते फार थोर तरी असते, नाहीतर कुणी वाचलेले तरी नसते. आणि पुष्कळ घरांत या दोन्ही गोष्टी एकाच पुस्तकात सुखाने नांदतात. दसऱ्याला त्यावर फूल वाहिले जाते आणि मग वर्षभर त्याला कुणी हात लावत नाही. जिवंत पुस्तक ओळखावे ते त्यावरून होणाऱ्या भांडणावरून. ज्या गोष्टीपायी भाऊ भावावर उसळला, वडिलांनी चष्मा काढून हातात धरला आणि आईने लाटणे थांबवून "असे कसे होईल?" म्हटले, ती गोष्ट घरात मुक्कामाला आली असे खुशाल समजावे.

आमच्या जळगावच्या घरात हा मान बरीच वर्षे 'चांदोबा'कडे होता. १९४७ साली मद्रासहून तेलुगू आणि तमिळमध्ये निघालेले हे मासिक १९५२ पासून मराठीत येऊ लागले, आणि मी वाचू लागलो तोवर ते खानदेशातल्या घराघरांत पुरते रुळलेले होते. मासिक एक आणि वाचणारे सहा. म्हणून ते मधल्या घरात मोठ्याने वाचले जाई. आणि वाचन विक्रम-वेताळापाशी आले, की आजीच्या हातातली वात अर्धवट वळलेली तशीच राही. शंकर या चित्रकाराने काढलेले ते चित्र एकदा पाहिलेला माणूस कधी विसरणार नाही. हातात तलवार, खांद्यावर प्रेत, भोवती स्मशान. आणि राजा मात्र आठवड्याचा बाजार करून घरी निघाल्यासारखा स्वस्थ.

या गोष्टीची खरी गंमत तिच्या नियमांत आहे. राजाने वाटेत तोंड उघडायचे नाही. उघडले, की वेताळ प्रेतासकट पुन्हा झाडावर. पण कोड्याचे उत्तर ठाऊक असूनही राजा गप्प राहिला, तर त्याच्या डोक्याची शकले व्हायची. म्हणजे उत्तर दिले तर डाव गेला, न दिले तर डोके गेले! यावर आमच्याकडे तीन पक्ष होते. वडिलांना राजाच्या न्यायनिवाड्याचे कौतुक. त्याने दिलेले उत्तर बरोबर की चूक, एवढेच ते पाहत. थोरला भाऊ नियमांचा पक्का. राजाने कानांत बोळे घालून का जाऊ नये, असा त्याचा बिनतोड सवाल होता. आणि आजी दर महिन्याला तितक्याच संतापाने म्हणे, "परत बोलना का तो? शिवी टाका त्यानं तोंड!"

पुढे कळले, की अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागरा'त ही गोष्ट सांगितली तेव्हा तिला शेवट होता. बापाने मुलीशी आणि मुलाने तिच्या आईशी लग्न केले, तर त्यांच्या मुलांचे परस्परांशी नाते काय? या कोड्याला राजाजवळ उत्तर नव्हते. म्हणून तो गप्प राहिला, आणि गप्प राहिला म्हणूनच जिंकला. 'चांदोबा'ला मात्र हा शेवट परवडणारा नव्हता. मुळातल्या पंचवीस गोष्टी संपल्या, तरी नव्या कोड्यांचा रतीब चालूच राहिला. २०१३ साली मासिकच थांबले. पण राजा थांबल्याचे कुणी सांगितले नाही. अजूनही तो त्या वाटेने चालतोच आहे म्हणायचा.

हे सारे पुन्हा मनात जागे झाले ते गेल्या दिवाळीत, धुळ्याला, ताईकडे. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी मी जळगावहून एस.टी.ने तिकडे गेलो आणि चार दिवस राहिलो. धुळे हे गाव मला पहिल्यापासून पटासारखे वाटत आलेले आहे. १८१९ साली कॅप्टन ब्रिग्जने जिल्ह्याचे ठाणे म्हणून ते निवडले, आणि मग पांझरेकाठी सरळ रेषांत नवी पेठ आखली गेली. तिथल्या गल्ल्या नावांपेक्षा नंबरांनीच अधिक ओळखल्या जातात. पत्ता सांगणारा माणूस, घोडा कुठल्या घरात बसवायचा ते सांगावे तशा थाटात, "चौथी गल्ली, डावीकडे" म्हणतो. अशा गावात पटावरच्या खेळाची गोष्ट वाचायला मिळावी, हे ठीकच झाले.

गोष्ट आणली होती माझ्या भाचीने. ती पुण्याला संगणकाचे शिक्षण घेते, बुद्धिबळ खेळते, आणि फावल्या वेळात आपलाच एक लढाईचा खेळ संगणकावर रचीत असते. कुणा मैत्रिणीकडून ती एक जाड चित्रकथा घेऊन आली होती. 'अर्फवर्ल्ड' तिचे नाव. रॉब बाल्डर या अमेरिकन लेखकाने ती रचली आणि पहिल्या भागाची चित्रे जेमी नोगुची याने काढली. डिसेंबर २००६ पासून ती इंटरनेटवर एकेक पान करून प्रसिद्ध होऊ लागली आणि 'टाइम' साप्ताहिकाने २००७ सालच्या दहा उत्तम चित्रकादंबऱ्यांत तिचे नाव घातले. पुढे पहिला भाग पुस्तकरूपाने निघाला, तोच हा. रात्री जेवणे आटोपली, की भाची कंदिलाखाली ओसरीवर बसे, पान उलटून चित्र सर्वांना दाखवी आणि मजकूर मराठीत सांगे. शेव-शंकरपाळ्यांचा डबा मध्ये असे, आणि श्रोत्यांत मतभेद नसले तरी तो रिकामा होत असे.

गोष्ट थोडक्यात अशी. पार्सन गॉटी नावाचा एक लठ्ठ, एकटा माणूस मित्रांसाठी लढाईचा खेळ रचीत बसलेला असतो. एका मंत्राने तो आपल्या जगातून उचलला जातो आणि भलत्याच जगात सेनापती म्हणून उभा राहतो. त्या जगाचा कारभार पटावरच्या खेळासारखा चालतो. जमीन षट्कोनी घरांत वाटलेली. प्रत्येक पक्षाला आपापली पाळी. आणि ज्याला जितकी घरे चालायची मुभा, तितकीच तो चालणार. पाय कितीही धडधाकट असोत, चाल संपली की माणूस जागच्या जागी उभा! चित्रे खेळण्यांच्या दुकानासारखी गोंडस. शिवी तोंडात आली, तर ओठांतून 'बूप' एवढाच आवाज निघतो. पार्सनचा धनी स्टॅन्ली हा शिपाईगिरीतून वर चढलेला राजा. म्हणून जन्माने राजे असलेले सारे त्याच्यावर चालून आलेले, आणि त्याच्या गॉबविन नॉब या नगराला वेढा पडलेला. पार्सनच्या हाती मूठभर सैन्य आणि समोर अफाट फौज.

आता मते. आमचे दाजी गणिताचे मास्तर. पहिल्याच रात्री त्यांनी वहीच्या मागच्या पानावर षट्कोन आखले, आणि दुसऱ्या रात्री ते सेनापतीच्या पुढे एक चाल जाऊन बसले. "याला म्हणतात गोष्ट!" ते म्हणाले. "नियम आधी सांगितलेत, मग लबाडीला जागाच नाही. देव धावून आला आणि सुटका झाली, असली पळवाट यात चालायची नाही." ताईला ते मुळीच मान्य नव्हते. गोष्टीत माणसांपेक्षा नियमच जास्त, असे तिचे म्हणणे. शिवाय नावानावांत इंग्रजी कोट्या भरलेल्या. त्या मराठीत येईनात आणि भाचीला थांबून थांबून समजावून द्याव्या लागत. "समजावून द्यावा लागणारा विनोद म्हणजे वातट शेव," ताई म्हणाली, आणि डबा माझ्याकडे सरकवला. भाचा दहावीतला. त्याला फक्त उडत्या राक्षसी पशूंशी काम; चित्राऐवजी नुसत्या मजकुराचे पान आले, की तो उठून अंगणात फटाके वाजवायला जाई. भाची म्हणाली, की साऱ्या जगातल्या वाचकांत हेच तट पडले होते. कुणी नियमांवर लुब्ध, तर कुणाला त्या नियमांचाच वीट. कुणी मजकुराची पाने मन लावून वाचणारे, तर कुणी चित्रांसाठी हटून बसलेले. म्हणजे आमची ओसरी काही जगावेगळी नव्हती.

माझे स्वतःचे मत त्या दोन रात्री दोहोंच्या मध्ये लोंबकळत होते. वेताळासारखेच म्हणा ना. त्यावर दाजींनी मला पाटणचा दाखला दिला. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी १२०७ साली मठ उभारल्याची त्यात नोंद आहे. हा लेख भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. "नियमांच्या पोटात गोष्ट घालायची कला आमच्या खानदेशानेच सांभाळली," दाजी म्हणाले, आणि त्यांनी 'लीलावती'तले मोराचे गणित घातले. नऊ हात उंच खांबावर मोर बसलेला आहे. खांबाच्या बुडाशी सापाचे बीळ. सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे निघालेला मोराने पाहिला आणि तो तिरपा झेपावला. दोघांनी सारखेच अंतर कापले, तर बिळापासून किती हातांवर गाठ पडली? बारा हात, हे उत्तर भाचीने तोंडी दिले. भाच्याने मात्र विचारले, "मग सापाचे काय झाले?"

"ते गणितात विचारलेले नाही," दाजी म्हणाले.

आम्ही सारे हसलो. जिजी हसली नाही.

जिजी म्हणजे दाजींच्या आई. वय ऐंशीला टेकलेले. त्या खांबाला पाठ लावून वाती वळीत बसत. ऐकतात की पेंगतात, ते कळू देत नसत. अहिराणीशिवाय दुसरी बोली त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नाही. तिसऱ्या रात्री गोष्ट शेवटाला आली. वेढा घालणारी फौज नगरात शिरते आणि आता सारे संपले असे वाटते. तेव्हा पार्सन अखेरची चाल खेळतो. ते नगर एका विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखात वसलेले असते. आपल्या मांत्रिकांची शक्ती एकत्र जोडून तो त्या मेलेल्या डोंगरालाच जागे करतो. लाव्हा उसळतो, शत्रूची फौज, आपले नगर, आपलेही सैनिक, सगळे एका पानात जळून जाते. मूठभर माणसे तेवढी उरतात. दाजींनी मांडीवर थाप मारली. "काय चाल आहे! पट जिंकता येत नाही, तर पटच उधळून द्यायचा, आणि तोही नियम न मोडता!"

तेव्हा जिजीने विचारले, "त्या शिपायासले माय ऱ्हास का नही?"

भाची जरा गोंधळली. मग तिने सांगितले, की त्या जगात कुणालाच आई नसते. सैनिक पहाटे पाळी सुरू होताच उगवतात. वाढलेलेच असतात, अंगावर कपडे आणि हातात शस्त्र घेऊन. लहानपण असे नसतेच.

"नही ना?" जिजी म्हणाली. "मंग मारनं सोपं शे."

आणि तिने पुढची वात हातात घेतली.

"खेळ आहे, जिजी," दाजी हलक्या आवाजात म्हणाले. जिजी काही बोलली नाही. थोड्या वेळाने ती आत गेली, तेव्हा ताईने मला जे सांगितले ते मला पूर्वी ठाऊक नव्हते. जिजीचा धाकटा भाऊ फौजेत होता. १९७१ च्या डिसेंबरात तो गेला, वय एकवीस. देशाने ती लढाई तेरा दिवसांत जिंकली. जिजीच्या माहेरी तार आली त्या दिवशी गावात पेढे वाटले जात होते, विजयाचे. पेढे वाटणाऱ्यांना तारेची खबर नव्हती, म्हणून त्यांनी त्या दारातही पुडा ठेवला. खानदेशात आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. जिजीच्या आईने त्यानंतर अंगणातल्या निंबाला झोका बांधू दिला नाही. वीस वर्षे ती जगली. वीस आखाज्या तो निंब मोकळाच राहिला.

मला त्या रात्री लवकर झोप आली नाही. बुद्धिबळात प्याद्याला आई नसते, हे खरेच आहे. असती तर कुणालाही खेळता आले नसते. प्यादे द्यावे आणि घोडा घ्यावा, याला हिशेब म्हणतात. हिशेब मांडायचा तर मोहरे लाकडाचेच हवेत. दाजींचे म्हणणे त्या अर्थी सोळा आणे खरे. कल्पनेच्या राज्याला नियम असले म्हणजे त्यात प्रामाणिकपणा येतो; आणि जगात असे खेळ हवेत, ज्यांत माणसाने निर्भयपणे हरावे, जिंकावे, आणि डाव मोडल्यावर सगळी मोहरी एकाच डब्यात भरावीत. पण ज्या मोठ्या गोष्टी आपल्या हाडीमासी रुजल्या, त्यांनी आपली मोहरी लाकडाची ठेवली नाहीत. महाभारतात व्यूह आहेत, डावपेच आहेत, कुणी कुणाशी केव्हा लढावे याचे नियम आहेत, आणि ते मोडल्याचे हिशेबही आहेत. तरी अठराव्या दिवशी ते थांबत नाही. पुढे स्त्रीपर्व येते. आया रणांगणावर उतरतात, धडे आणि शिरे धुंडाळतात, आणि गांधारी सर्वांत कुशल खेळाडूलाच, साक्षात कृष्णालाच, जाब विचारते. व्यासांनी प्याद्यांच्या आयांना बोलायला एक अख्खे पर्व दिले.

आणि विक्रमाच्या खांद्यावरचे ते प्रेत? इतकी वर्षे, इतक्या घरांत, राजा बोलला की नाही यावर आपण वाद घातला. ते प्रेत कुणाच्या मुलाचे, हे वेताळानेही कधी कोडे म्हणून घातले नाही.

त्या अमेरिकन लेखकाला न्याय द्यायचा, तर हेही सांगितले पाहिजे, की त्याचा सेनापती त्या जगातला नाही. तो आपल्यातला आहे. म्हणून जिंकल्यावर त्याला आनंद होत नाही. जी पटावरची सोंगटी समजून त्याने मोजली, ती बोलणारी, भिणारी, विनोद करणारी माणसे होती, हे त्याला खाऊ लागते. जिजीचा प्रश्न गोष्टीच्या बाहेरचा नव्हता. चित्रांच्या गोंडसपणाखाली तो पहिल्यापासून दबा धरून बसला होता. दाजींना चाल दिसली, भाच्याला पशू दिसले, ताईला कोट्या खुपल्या. जिजीला तेवढा तो दिसला. वाचकांची मते निरनिराळी होतात याचे कारण आपण आवडीनिवडीत शोधतो. मला वाटते, आयुष्याच्या पटावर जो ज्या घरात उभा राहिलेला असतो, तिथून त्याला गोष्टीची जी बाजू दिसते, तेच त्याचे मत.

पुढे काय झाले, असे दाजींनी सकाळी विचारले. भाचीने सांगितले, की पुढचे भाग बरेच निघाले, चित्रकार बदलले, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये ती चित्रकथा अर्ध्यातच थांबली. लेखकाच्या घरी मोठे दुःख ओढवले होते. दाजी हळहळले. ताई म्हणाली, "चालायचेच. त्याच्या घरच्यांपुढे त्याची गोष्ट कितीशी?" या एका मुद्द्यावर मात्र सर्वांचे एकमत झाले.

भाऊबीज झाली, ओवाळणी झाली, मी जळगावला परतलो. मधल्या वर्षात भाचीचे फोन येत. तिने आपल्या खेळाचा एक नियम बदलला आहे. तिच्या पटावर आता प्रत्येक प्यादे कुठल्या तरी गावातून येते, आणि ते पडले, की त्या गावचा एक दिवा विझतो. दिवा पुन्हा लागत नाही. नवे प्यादे त्या गावातून मिळते, पण विझलेले घर विझलेलेच राहते. आणि डाव संपल्यावर, जिंकणाऱ्यालाही, सगळा नकाशा एकदा अंधारा-उजेडाचा असा पाहावा लागतो.

यावर अर्थातच मते आहेत. दाजी म्हणतात, खेळाचा वेग मेला. माणूस चाल खेळायलाच कचरतो. भाचीच्या मैत्रिणी म्हणतात, हा रडका खेळ विकत कोण घेणार? भाचा म्हणतो, दिवे चांगले दिसतात, पण पशू घाला. ताई पहिल्यांदाच तो खेळ खेळायला बसली, आणि एकही प्यादे न गमावण्याच्या नादात सपशेल हरली. मी विचारले, "आणि जिजी?"

"जिजीला दाखवला," भाची म्हणाली. "तिने बराच वेळ नकाशा पाहिला, मामा. मग विचारले, यातले आपले गाव कोणते?"

"तू काय सांगितलेस?"

"एका दिव्यावर बोट ठेवले. आता तो डाव पुढे खेळायची कुणाची हिंमत होत नाही."